सल्ला देणाऱ्याची जबाबदारी



विहीर पाडायचे ठरले की आपल्याकडे पहिले बोलावणे पाणाड्याला जाते. तो येतो, तळहातावर नारळ धरतो, बांधाबांधाने फिरतो आणि एका जागी पाय रोवून सांगतो, "इथं खणा." त्याच्यापुढे नारळ-सुपारी, धोतरजोडी आणि यथाशक्ती दक्षिणा ठेवली जाते, आणि तो आपल्या वाटेने जातो. पुढे सुरुंग लावणारे सुरुंग लावतात, यारीवाले दगड उपसतात, पैसा मालकाचा जातो. पाणी लागले तर पाणाड्याचे नाव पंचक्रोशीत होते. नाही लागले तर? तर मालकाचे नशीब खोटे, झाले!

मी पाचवीत होतो तेव्हा आमच्या घरी हेच घडले. सहा परस खोल गेलो तरी खाली खडकच. विहिरीपायी काढलेले कर्ज फेडायला वडिलांनी ओढ्याकाठचा दीड एकराचा तुकडा विकला. पाणाड्याला मात्र कोणी अवाक्षराने बोलले नाही. तो काही वाईट माणूस नव्हता. त्याने लबाडी केली असेही मी म्हणणार नाही. पण सल्ला त्याचा होता आणि त्या सल्ल्याचे ओझे आमच्या डोक्यावर होते. ही गोष्ट तेव्हापासून माझ्या मनात रुतून बसली आहे.

मी अर्थशास्त्राचा अध्यापक. यंत्रे आणि बांधकामे हा माझा प्रांत नव्हे. तरीपण आज ज्या व्यवसायाविषयी मला आपल्याशी बोलायचे आहे, तो एका अर्थी या पाणाड्याचाच व्यवसाय आहे. फक्त तो फार मोठ्या प्रमाणावर चालतो आणि त्यामागे शास्त्राचे पाठबळ असते. हा व्यवसाय म्हणजे सल्लागार अभियंत्यांचा. आपल्या तालुक्यातून जाणारा महामार्ग, नदीवरचा पूल, डोंगरातली खाण, औद्योगिक वसाहतीतला कारखाना, यांतले मोठे काम सहसा अशा सल्लागार कंपनीच्या सहीशिवाय उभे राहत नाही. आपण कंत्राटदाराला ओळखतो, पुढाऱ्याला ओळखतो, साहेबालाही ओळखतो. हा सल्लागार मात्र आपल्या नजरेआड राहतो. म्हणून त्याची ओळख करून घेऊ.

कोणत्याही मोठ्या बांधकामात तीन पक्ष असतात. एक मालक. त्याचा पैसा, मग तो सरकार असो की खासगी कंपनी. दुसरा कंत्राटदार. त्याची माणसे आणि यंत्रे. तिसरा सल्लागार. त्याच्याजवळ ना सिमेंटचे पोते, ना खडी, ना पोकलेन. तो विकतो ती अक्कल. जमिनीची परीक्षा, पाण्याचे मोजमाप, नकाशे, हिशेब आणि शेवटी कागदाच्या तळाशी सही. या सहीवर विसंबून कोट्यवधी रुपये मातीत ओतले जातात.

पण खरे म्हणजे चौथा एक पक्ष असतो, आणि त्याचे नाव करारात कुठेच नसते. पुलावरून बैलगाडी नेणारा, धरणाच्या पायथ्याशी राहणारा, कारखान्याच्या खालच्या अंगाला ओढ्यावर गुरे पाजणारा, तो हा चौथा पक्ष. अजून जन्माला न आलेली आपली नातवंडेसुद्धा त्यातच येतात. फी देतो मालक; फळ भोगतो चौथा. सल्लागार नेमका कोणाचा, फी देणाऱ्याचा की फळ भोगणाऱ्याचा, हाच आजच्या भाषणाचा प्रश्न आहे.

आता प्रथम एक चांगले उदाहरण सांगतो. मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या हे नाव आपणां सर्वांना ठाऊक आहे. मूळचे म्हैसूरकडचे हे गृहस्थ शिकले पुण्याच्या सायन्स कॉलेजात, आणि १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. नाशिक, खानदेश, पुणे या भागांत त्यांनी काम केले. खडकवासल्याच्या तलावावर १९०३ साली बसवलेले, पाणी चढले की आपोआप उघडणारे दरवाजे ही त्यांचीच कल्पना. सरकारी नोकरी सोडून ते परदेशच्या प्रवासाला गेले असता त्यांना हैदराबादहून बोलावणे आले.

कारण तसेच घडले होते. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला आणि हैदराबाद शहरात हजारो माणसे बुडून गेली. १९०९ साली विश्वेश्वरय्या सल्लागार म्हणून तेथे आले. त्यांना काम होते शहर वाचवण्याचे. पण त्यांनी नुसते शहर पाहिले नाही. ते नदीच्या वरच्या अंगाला गेले, पावसाचे आकडे काढले, पाणलोटात किती तलाव आहेत आणि त्यांतले किती फुटले याची मोजदाद केली. त्या पाणलोटात लहानमोठे सातशेहून अधिक तलाव होते. म्हणजे पुराचे कारण शहरात नव्हते, वर कोसन् कोस पसरलेल्या रानात होते. तेव्हा नुसत्या काठावरच्या भिंतींवर न थांबता त्यांनी सल्ला दिला की, शहराच्या वर मुसी आणि तिची उपनदी ईसी या दोहोंवर जलाशय बांधा आणि पूर तेथेच धरा. त्याप्रमाणे १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर पुरा झाला. पुराला आवर बसलाच, शिवाय शहराला पिढ्यान् पिढ्या प्यायचे पाणी मिळाले.

विचार करा. १९०९ साली ज्यांनी फी दिली त्यांच्यासाठी तो सल्ला होताच. पण ज्यांनी ते पाणी प्याले त्यांतले बहुतेक तेव्हा जन्मलेही नव्हते. ही झाली चौथ्या पक्षाची आठवण ठेवणारी सल्लागिरी.

आता दुसरी बाजू पाहू. त्याच सुमाराची, पण दूर कॅनडा देशातली गोष्ट. तेथे क्वेबेक शहराजवळ सेंट लॉरेन्स नावाची अफाट नदी आहे. तिच्यावर लोखंडी पूल बांधायला घेतला. सल्लागार नेमले थिओडोर कूपर, अमेरिकेतले अत्यंत नामांकित अभियंते. त्यांचा शब्द तो अखेरचा शब्द. आराखड्यात दोन मुख्य खांबांमधले अंतर होते १६०० फूट. कूपर यांनी ते वाढवून १८०० फूट केले. खांब उथळ पाण्यात यावेत, बर्फाचा त्रास कमी व्हावा, ही कारणे होती, आणि तीं काही गैर नव्हती. पण पूल लांबला म्हणजे त्याचे स्वतःचे वजनही वाढणार, नाही का? पोराने दप्तरात दोन पुस्तके जास्त घातली तर बंद तुटतो, हे कोणतीही आई सांगेल. ते वजन नव्याने नीट मोजले गेले नाही. पुढे चूक ध्यानात आली तेव्हा बरेच लोखंड घडून चढले होते. एवढा भार चालेल, असे ठरवून काम पुढे रेटले.

कूपर वृद्ध होते, प्रकृती बरी नसे. ते राहत न्यूयॉर्कला, शेकडो मैल दूर. वरचा सांगाडा उभा राहत असताना ते जागेवर आले नाहीत, आणि आपल्यावर दुसरा कोणी तपासनीस असलेलाही त्यांना मानवला नाही. १९०७ च्या ऑगस्टमध्ये पुलाचे खालचे लोखंडी दांडे वाकू लागले. जागेवरच्या तरुण अभियंत्याने ते पाहिले, पत्रे लिहिली, शेवटी तो स्वतः न्यूयॉर्कला गेला. कूपर यांनी तार केली की, पुलावर आणखी वजन चढवू नका. ही तार गेली बांधकाम कंपनीच्या कचेरीत. पुलावर काम चालूच राहिले. त्याच दिवशी, २९ ऑगस्टला, संध्याकाळी सुट्टी व्हायच्या वेळेला पूल कोसळला. पंधरा-वीस सेकंदांचा खेळ. पुलावर ८६ माणसे होती, त्यांतली ७५ गेली.

आणि या ७५ मध्ये ३३ जण एकाच गावचे होते. मोहॉक नावाची तिकडची मूळ रहिवासी जमात, उंचावरच्या लोखंडकामात वाकबगार. त्यांच्या काहनावागे या वस्तीतले हे पुरुष. एका गावातून एका संध्याकाळी ३३ पुरुष नाहीसे होणे म्हणजे काय, हे शहरापेक्षा तुम्हां-आम्हांला जास्त कळेल. त्या गावाने कूपर यांना कधी नेमले नव्हते. त्यांची फी त्या गावाने दिली नव्हती. त्यांच्या आराखड्यावर त्या गावाला कोणी दोन शब्द विचारलेही नव्हते. तो चौथा पक्ष होता.

या घटनेनंतर काही वर्षांनी, १९२५ साली, कॅनडात एक प्रथा सुरू झाली. अभियंता होणारा तरुण शपथ घेतो आणि ज्या हाताने काम करतो त्या हाताच्या करंगळीत लोखंडाची साधी अंगठी घालतो. नकाशा काढताना ती अंगठी कागदाला घासते. सोन्याची नव्हे बरं का, लोखंडाची! दागिना म्हणून नव्हे, आठवण म्हणून.

पण अंगठी झाली एका माणसाची. आज सल्ला देतात त्या हजारो माणसांच्या कंपन्या. कंपनीच्या बोटात अंगठी कशी घालणार? हा प्रश्न ज्यांना पडला त्यांपैकी एक म्हणजे ओव्ह अरुप. वडील डेन्मार्कचे, आई नॉर्वेची, जन्म १८९५ चा, इंग्लंडातला. आधी तत्त्वज्ञान शिकले, मग अभियांत्रिकीकडे वळले. १९४६ साली त्यांनी लंडनमध्ये सल्लागार कंपनी काढली. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या बंदरात शिडांसारख्या छपरांचे नाट्यगृह १९७३ साली खुले झाले. ती छपरे उभी राहतील कशी, याचे गणित याच कंपनीने सोडवले.

९ जुलै १९७० रोजी विंचेस्टर या गावी, कंपनीचे देशोदेशींचे भागीदार जमले असता, पंचाहत्तरीतल्या अरुप यांनी एक भाषण केले. आपण काम करायचे कशासाठी, हा त्याचा विषय. काम उत्तम असावे, व्यवहार सरळ व सन्मानाचे असावेत, कंपनीतल्या माणसांना माणसासारखे वागवावे, आपले काम समाजाच्या उपयोगी पडावे, आणि हे सांभाळून सर्वांना बेताची सुबत्ता मिळावी, असे त्यांचे सूत्र होते. पुढे कंपनीची मालकी बाहेरच्या भागधारकांकडे न जाता कामगार-कर्मचाऱ्यांसाठी नेमलेल्या विश्वस्तांकडे राहिली. म्हणजे नफा वाढवा म्हणून बाहेरून टोचणारा मालकच ठेवला नाही. अशाने सगळे साधू झाले असे नाही. पण एखादे काम घ्यावे की नाकारावे, हे ठरवताना फी या गोष्टीखेरीज आणखीही काही तागडीत टाकावे लागते, हे त्यांनी उघड लिहून ठेवले. कंपनीची अंगठी म्हणायची तर ती ही.

आता आपल्या देशाकडे वळू. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम १३५ घातले गेले आणि ते १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. ठराविक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजाच्या कामासाठी खर्च करावी, असे ते कलम सांगते. आपल्यापैकी कित्येक शिक्षकांच्या शाळेत या पैशातून बाके, संगणक, पाण्याची टाकी किंवा स्वच्छतागृह आले असेल. त्याचे स्वागतच आहे. पण इथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्या. कंपनीने आपल्या नेहमीच्या धंद्याच्या ओघात केलेले काम या दोन टक्क्यांत धरायचे नाही, असे नियमच सांगतात. याचा अर्थ काय? दोन टक्क्यांचा हिशेब निराळा आणि उरलेल्या धंद्याची जबाबदारी निराळी. गूळ वाटला म्हणून वजनातली खोट माफ होत नाही.

सल्लागार कंपनीच्या बाबतीत तर हा फरक फारच मोठा आहे. एक साधे गणित पाहा. जगात माणसाच्या हातून जेवढा कार्बन वायू हवेत जातो, त्यातला सुमारे सात-आठ टक्के एकट्या सिमेंटच्या उत्पादनातून जातो. आता एखाद्या सल्लागाराने मोठ्या इमारतीच्या किंवा पुलाच्या आराखड्यात, मजबुतीला धक्का न लावता, हजारो पोती सिमेंट वाचवले, तर ते काम तो टेबलापाशी बसून पेन्सिलीने करतो. उलट तोच सल्लागार निष्काळजीपणे जाडजूड आराखडा काढील आणि मग जुलै महिन्यात आमच्या शाळेत येऊन फोटोपुरती पन्नास रोपे लावील, तर कोणते काम मोठे? त्याची खरी समाजसेवा त्याच्या नकाशात आहे, रोपांच्या खड्ड्यात नाही.

म्हणूनच अलीकडे मोठ्या सल्लागार कंपन्यांत शाश्वत विकासाची म्हणून स्वतंत्र शाखा असते. हा शब्द जगभर रूढ झाला तो १९८७ साली, नॉर्वेच्या श्रीमती ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने आपला अहवाल दिला तेव्हापासून. शब्द जड आहे, पण अर्थ आपल्या घरातला आहे. कितीही उपासमार झाली तरी पेरणीचे बियाणे कुटून खायचे नाही. आजची गरज भागवावी, पण पुढच्यांच्या पेरणीला हात लावू नये. या शाखेतली माणसे काय करतात? कारखाना किती पाणी घेतो, किती सोडतो आणि कसे सोडतो, याचा ताळेबंद मांडतात. वीज कुठे वाया जाते ते तपासतात. एखादा पूल आज स्वस्त पडला तरी पन्नास वर्षांत डागडुजीला किती मागेल, हे काढतात. पावसाची तऱ्हा बदलली, एका रात्रीत धो धो कोसळू लागला, तर रस्त्याखालची मोरी ते पाणी पोटात घेईल की रस्ता वाहून नेईल, याचा अंदाज करतात. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना २०२२-२३ या वर्षापासून अशा गोष्टींचा वार्षिक अहवालही द्यावा लागतो. तेव्हा या सल्ल्याला आता बाजारभाव आला आहे.

बाजारभाव आला म्हणजे भेसळ आली! आणि इथेच आपला, म्हणजे चौथ्या पक्षाचा, संबंध येतो.

खाण, मोठा कारखाना, धरण असा प्रकल्प यायचा असेल तर त्याचा परिसरावर काय परिणाम होईल, याचा अहवाल करावा लागतो. २००६ सालच्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने त्याची रीत घालून दिली आहे. हा अहवाल सल्लागार तयार करतो. त्या सल्लागाराला मान्यता लागते, हे खरे. पण त्याची फी कोण देतो? ज्याला प्रकल्प हवा आहे, तोच देतो. म्हणजे मुलाकडच्यांनीच नेमलेल्या मध्यस्थाने मुलाची चौकशी करून मुलीच्या बापाला कळवायचे! मध्यस्थ प्रामाणिक असला तर उत्तमच. पण व्यवस्थाच अशी असताना त्याच्या प्रामाणिकपणावर किती ताण पडतो, हे समजून घेतले पाहिजे.

या ताणाखाली काय होते त्याचा एक नमुना आपल्या कोकणातच घडला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या बॉक्साइटच्या एका खाणीसाठी असा अहवाल केला गेला. तो वाचणाऱ्यांना त्यात स्प्रूस आणि बर्च या झाडांच्या अरण्यांचा उल्लेख आढळला. स्प्रूस हे बर्फाळ मुलखातले सूचिपर्णी झाड. बर्च म्हणजे, आपल्या पूर्वजांनी ज्याच्या सालीवर पोथ्या लिहिल्या त्या हिमालयातल्या भूर्जाच्या कुळातले. कोकणात ऐन, किंजळ, काजू आणि हापूस. तिथे हे पाहुणे आले कुठून? शोध घेता उघड झाले की, रशियातल्या बॉक्साइटच्या खाणीच्या अहवालातले उतारेच्या उतारे इथे आणून बसवले होते. शिक्षक बंधुभगिनींनो, परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरातले उत्तर उतरवताना त्याचा बैठक क्रमांकही उतरवणारा विद्यार्थी आपण पाहिला आहे. हा त्यातलाच प्रकार. फरक एवढाच की, इथे नापास झाली असती ती रत्नागिरीची माती आणि तिथले पाणी.

मला या गोष्टीत एक शिकवण दिसते. अहवालात कोकणात स्प्रूसचे झाड नाही, हे ओळखायला एम. ए. व्हावे लागत नाही. गुराखी मुलगाही ते ओळखील. अट एकच, तो अहवाल त्याच्यापर्यंत, त्याच्या भाषेत, पोहोचला पाहिजे आणि कोणीतरी तो त्याला वाचून दाखवला पाहिजे.

तो पोहोचवण्याची सोय त्या अधिसूचनेतच आहे. ज्या प्रकल्पांना जनसुनावणी आवश्यक आहे, त्यांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. तो जिल्हाधिकारी कचेरीत, जिल्हा परिषदेत, जिल्हा उद्योग केंद्रात पाहायला मिळतो. सुनावणीची सूचना निदान तीस दिवस आधी वर्तमानपत्रांत द्यावी लागते. आणि जेथे वर्तमानपत्र जात नाही तेथे दवंडी पिटून किंवा रेडिओवरून सांगावे, असेही त्यात म्हटले आहे. सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा जवळच घ्यायची. तिला गणसंख्येची अट नाही. दहा माणसे आली तरी ती होते आणि झाली म्हणून नोंदली जाते! म्हणून घरी बसू नये. हजर असलेल्या प्रत्येकाला खुलासा मागण्याचा हक्क आहे. लेखी म्हणणेही देता येते. शेवटी झालेल्या चर्चेचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा असतो. तो वाचून होईपर्यंत जागचे हलू नये. आपण बोललो ते कागदावर आले की नाही, हे त्याच वेळी कळते.

मग विचारायचे काय? आरडाओरडा करून काही साधत नाही. नेमका प्रश्न साधतो. तुम्ही आमच्या ओढ्याचे पाणी कोणत्या महिन्यात मोजले? पुष्कळदा अशी मोजमापे पावसाळा सोडून एखाद्याच ऋतूत घेतलेली असतात. उन्हाळ्यातला ओढा आणि श्रावणातला ओढा यांत काय अंतर असते, ते आपण जाणतो. तुम्ही किती विहिरी पाहिल्या, कोणाच्या पाहिल्या? वाऱ्याची दिशा कोणत्या दिवसांत पाहिली? खाण संपल्यावर खड्ड्याचे काय करणार आणि त्याला पैसा कोण देणार? सारांशावर ज्या सल्लागाराचे नाव आहे, त्याची माणसे आमच्या शिवारात किती दिवस होती?

अशा प्रश्नांना बळ येते ते नोंदींमुळे, आणि इथे शिक्षकांचे काम फार मोलाचे आहे. शाळेतल्या मुलांनी दर महिन्याला गावातल्या दहा विहिरींची पाण्याची पातळी दोरीने मोजून वहीत लिहिली, तर दोन वर्षांत गावाजवळ असा पुरावा तयार होतो की, जो कोणत्याही कंपनीजवळ नसतो. शिवारातली झाडे, पक्षी, मासे यांची यादी मुलांना पाठ असते. ती फक्त कागदावर यायची असते. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावोगाव लोकांची जैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. ती वही ग्रामपंचायतीच्या कपाटात कोरी आहे की भरलेली, हे एकदा उघडून पाहा. भरलेली वही असली की चांगल्या सल्लागारालाही आधार मिळतो. कारण चांगले सल्लागार आहेत, पुष्कळ आहेत. फी देणाऱ्याला न आवडणारे सत्य त्यांना सांगायचे असते, तेव्हा "गावाची नोंद असे म्हणते" हे वाक्य त्यांच्या पाठीशी उभे राहते. कूपर यांच्या पुलावर वाकलेला दांडा पाहणारा तरुण अभियंता होता. त्याने पाहिले, सांगितले. त्याचे म्हणणे वेळेवर ऐकले गेले नाही, इतकेच. आपल्या गावात येणाऱ्या अशा तरुणाचे म्हणणे ऐकणारे कोणी असावे.

पुष्कळ वर्षांनी एकदा मी वडिलांना त्या कोरड्या विहिरीविषयी विचारले. पाणाड्याचा राग येत नाही का, असे म्हणालो. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्यानं नारळ धरला, रान फिरला, सगळं केलं. फक्त शेजारच्या विहिरी कधी आटतात, ते विचारलं नाही. आणि बाबा, ते मीही त्याला सांगितलं नाही. मला तर ठाऊक होतं."

श्रोतेहो, सल्ला देणाऱ्याने विचारले पाहिजे, ही त्याची जबाबदारी. तो विसरला तर आपण सांगितले पाहिजे, ही आपली. आपल्या गावची माती, पाणी आणि वारा यांची माहिती आपल्याला आहे. ती मागेपर्यंत थांबू नका.